ऋण की मिंधेपणा? ‘उतांग ना लोओब’ मराठीत आणताना

प्रश्न असा आला आहे: ‘आमच्या शाळेच्या वार्षिकासाठी एका फिलिपिनो विद्यार्थिनीचा निबंध इंग्रजीवरून मराठीत आणते आहे. विषय शाळा, आजीकडून आलेला वारसा आणि नागरिकाची कर्तव्यं. त्यात तिने ‘उतांग ना लोओब’ हे शब्द चार ठिकाणी तसेच ठेवले आहेत. मी सगळीकडे ‘कृतज्ञता’ लिहिलं. पण शेवटी वाक्य असं झालं: नगराध्यक्षांबद्दलच्या कृतज्ञतेमुळे आमच्या घरची मतं ठरलेली असतात आणि मला त्याची लाज वाटते. कृतज्ञतेची लाज कशी वाटेल?’

नाहीच वाटणार. वाक्य अडलं ते तुमच्या मराठीमुळे नाही, ‘कृतज्ञता’ या शब्दामुळे. माझ्या मते चारही जागी एकच शब्द चालवायचा हट्ट सोडायला हवा. तो शब्द फिलिपिनोत एक आहे, मराठीत त्याचे दोन होतात.

आधी फोड. ‘उतांग’ म्हणजे कर्ज, उधारी. गल्लीतल्या सारी-सारी दुकानात, म्हणजे आपल्या किराणा-टपरीवजा दुकानात, मीठ-साबण उधार घेतलं तरी ते उतांगच, आणि ‘आज रोख उद्या उधार’च्या धर्तीच्या पाट्या तिथेही लागतात. ‘लोओब’ म्हणजे आत. उच्चार लो-ओब असा, मध्ये किंचित तोडून. घराच्या आत तसंच माणसाच्या आत. ‘ना’ हा नुसता जोड. तेव्हा शब्दशः झालं ‘आतलं कर्ज’.

हा ‘लोओब’ फार कामाचा शब्द आहे. ‘लाकास न्ग लोओब’ म्हणजे आतलं बळ, आपली हिंमत. ‘सामा न्ग लोओब’ म्हणजे मनातली अढी. ‘कुसांग-लोओब’ म्हणजे कुणी न सांगता, आपणहून. आपल्याकडे हे काम थोडं ‘मन’ करतं आणि थोडं, खरं सांगायचं तर, ‘पोट’ करतं: अपराध पोटात घालतो, माया पोटातून येते. फिलिपिनो माणूस हे सगळं ‘आत’मध्ये ठेवतो.

आता ‘कृतज्ञता’ कुठे कमी पडते ते पाहा. कृत जाणतो तो कृतज्ञ. जाणलं की काम संपलं. कृतज्ञ माणूस आभाराचं पत्र लिहून झोपू शकतो. उतांग ना लोओब असलेल्याला झोप येत नाही, कारण ते कर्ज आहे आणि त्याचा आकडा कुठेच लिहिलेला नाही. मी जहाजावर इंजिनियर होतो, तिथे बरीच वर्षं माझ्या हाताखाली फिलिपिनो ऑइलर, म्हणजे इंजिनाचं तेलपाणी बघणारे कामगार, असत. त्यातला एकजण दर पगाराला घरच्या पैशांबरोबर आणखी एका नावावर थोडी रक्कम पाठवायचा. ती त्याच्या शाळेतल्या बाईंची मुलगी. बाईंनी कधी काळी त्याची परीक्षेची फी भरली होती. मी म्हटलं, ती फी तर कधीच फिटली असेल. तो हसला आणि म्हणाला, ‘फी फिटली, सर.’ पुढे काही बोललाच नाही.

याला मराठीत एकच शब्द आहे: ऋण. आपणही म्हणतोच की, ‘आभार मानून मोकळा होणार नाही, तुमच्या ऋणातच राहीन.’ समारंभात हे वाक्य इतकं वाजवलं गेलंय की त्याचा अर्थ कुणाला ऐकूच येत नाही, पण उतांग ना लोओबचा अर्थ नेमका तोच. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणं घेऊनच जन्मतो असं म्हटलं आहे, त्यातलं ऋषींचं ऋण फिटतं ते ब्रह्मचर्याने, म्हणजे विद्यार्थिदशेतल्या अध्ययनाने. म्हणजे शाळेचं ऋण ही कल्पना आपल्याला परकी नाही. क्रियापदही तयार आहे, उतराई होणे. तुकोबांच्या एका अभंगात संतांचे ‘उपकार’ आणि त्यांना ‘उतराई’ होणं लागोपाठच्या ओळींत येतात. आजीच्या आणि शिक्षिकेच्या परिच्छेदात म्हणून बिनधास्त ‘ऋण’ लिहा.

‘उतांग’ संस्कृतातून आला का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी विचारेलच, कारण फिलिपिनोत ‘गुरो’ (शिक्षक, आपला गुरू), ‘बुधी’ (सदसद्विवेक, आपली बुद्धी), ‘मुखा’ (चेहरा, आपलं मुख) असे शब्द भेटत राहतात. उतांग तसा नाही. तो त्या बेटांच्या भाषाकुळाचा स्वतःचा, मलय भाषेत ‘हुतांग’. गंमत मलयमध्ये आहे. तिथे याच कल्पनेला ‘हुतांग बुदी’ म्हणतात आणि त्यातली ‘बुदी’ मात्र आपली बुद्धीच. म्हणजे शेजारी बुद्धीचं कर्ज म्हणतात, हे आतलं कर्ज म्हणतात. हा ‘हुतांग’ किती जुना? मनिलाजवळच्या लागुना प्रांतात १९८९ साली एक ताम्रपट सापडला. त्याची सुरुवात वाचून मराठी माणूस दचकतोच: स्वस्ति, शक वर्ष ८२२, वैशाख, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार. अगदी भिंतीवरच्या कालदर्शिकेची भाषा. इंग्रजी हिशोबाने तो २१ एप्रिल ९०० हा दिवस. मजकूर जुन्या मलयमध्ये, संस्कृत शब्दांची पेरणी भरपूर. आणि विषय? नामवरान नावाच्या माणसाच्या घराण्याला सोन्याच्या कर्जातून मोकळं केल्याचा दाखला. ‘हुतांग’ हा शब्द त्यात आहे. त्या देशातला माहीत असलेला सर्वांत जुना लिखित कागद, कागद कसला पत्रा, कर्जमाफीचा निघावा यात काही मोठा अर्थ शोधू नये, पण तुमच्या विद्यार्थिनीला हे जरूर कळवा.

आता लाज. एखाद्याने आजाऱ्याचं बिल भरलं, पोराला शिष्यवृत्ती मिळवून दिली, मयताला मदत केली, आणि मग तो, त्याची बायको, त्याचा मुलगा पाळीपाळीने निवडणुकीला उभे राहिले, की घरात उतांग ना लोओबची आठवण निघते. फिलिपीन्सच्या १९८७ च्या संविधानात राजकीय घराणेशाहीला मनाई आहे, पण ‘कायदा व्याख्या करील त्याप्रमाणे’ असं पुढे जोडलंय, आणि संसदेने देशभर लागू होईल असा तो कायदा केलाच नाही. नगराध्यक्षाची मुदत तीन वर्षांची, लागोपाठ तीनदाच. त्यानंतर खुर्ची बहुधा घरातच फिरते. विद्यार्थिनीला लाज वाटते ती याची. इथे ‘ऋण’ लिहिलंत तर नगराध्यक्षांना फुकटचा मोठेपणा मिळेल. इथला शब्द ‘मिंधा’. हल्लीच्या भाषणांनी त्याला यमकापुरता उरवला आहे हे खरं, पण शब्द अस्सल आहे. ज्याच्यापुढे मान वर करता येत नाही त्याचे आपण मिंधे. ऋणात राहायला आवडतं, मिंधं राहायला कुणालाच आवडत नाही. फिलिपिनोत हा कडवटपणा शब्दात नाही, तो बोलणाऱ्याच्या सुरातून येतो. आपल्याला शब्दच बदलावा लागतो. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ही सुचेल, पण ते नको, त्यात शाबासकी आहे.

तिसऱ्या परिच्छेदातलं सोमवारचं झेंडावंदन आणि ‘पानातांग माकाबायान’ ही प्रतिज्ञा, याबद्दल थोडं अधिक, कारण निबंधाचं मर्म मला तिथे दिसतं. ही त्यांची शाळेतली देशप्रतिज्ञा, आपल्या ‘भारत माझा देश आहे’सारखी. हा देश मला पंखाखाली घेतो, मला वाढायला मदत करतो, असं आधी येतं. मग आईवडिलांचं ऐकीन, शाळेचे नियम पाळीन, नागरिकाची कर्तव्यं करीन असं येतं. जुन्या प्रतिज्ञेत या दोन भागांमधला सांधा होता ‘बिलांग गांती’, म्हणजे ‘परतफेड म्हणून’. २००१ साली मजकूर बदलला आणि तिथे आलं, ‘कारण माझं फिलिपीन्सवर प्रेम आहे’. परतफेड गेली, प्रेम आलं. (गांती हा शब्द आपल्या परतफेडीसारखाच दुधारी आहे. कर्जाचीही करता येते, अपमानाचीही.) मला स्वतःला जुना सांधा जास्त आवडतो. प्रेमाचा हिशोब कुणी मागत नाही, देण्याचा मागता येतो.

तिच्या निबंधात ‘इस्कोलार न्ग बायान’ आलंय, तेही याच धाग्यातलं. ‘बायान’ म्हणजे गाव, लोक आणि देश, तिन्ही एकदम. आपल्या ‘बयान’शी त्याचा काही संबंध नाही. सरकारी विद्यापीठांतल्या मुलांना, विशेषतः युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपीन्समधल्या, असं म्हणतात: लोकांच्या पैशावर शिकणारे. २०१७ च्या कायद्याने सरकारी विद्यापीठांत पदवीपर्यंतची फी माफ झाली, त्यामुळे असे ‘इस्कोलार’ आता पुष्कळ. म्हणजे मुलगी म्हणते आहे की माझ्या शिक्षणाचं देणं लागते ते बायानला, नगराध्यक्षांना नाही. इथे ‘समाजाचं ऋण’ लिहा. शेवटचं वाक्य मी असं करीन:

‘नगराध्यक्षांनी बाबांचं बिल भरलं म्हणून आमचं घर त्यांचं मिंधं आहे. मतं ठरलेली असतात आणि मला त्याची लाज वाटते. माझ्यावर ऋण आहे ते लोकांचं.’

चारही जागा एकाच शब्दाच्या आहेत हे वाचकाला कळावं म्हणून पहिल्यांदा येईल तिथे ‘उतांग ना लोओब, म्हणजे आतलं कर्ज’ असं लिहून टाका. ‘नगराध्यक्ष’ बरोबर आहे, ‘महापौर’ करू नका.

तिने आजीच्या तोंडी घातलेली म्हण, जिथून आलो तिकडे वळून बघता येत नाही तो जायच्या ठिकाणी पोचत नाही, ती फिलिपीन्समध्ये शाळकरी पोरांनाही पाठ असते. अनुवाद करताना एक काळजी घ्या. आपल्या वर्तमानपत्रांत ‘त्यानंतर त्याने मागे वळून पाहिलं नाही’ हे कौतुक असतं, इंग्रजीवरून उचललेलं. दोन्ही एकाच अंकात शेजारी छापली गेली तर आजी खोटी पडेल.

आणि संवादात कुठे ती भावाला नुसतंच ‘उतांग ना लोओब!’ म्हणाली असेल, तर तिथे ऋणही नाही आणि मिंधेपणाही नाही. वैतागून केलेली विनवणी आहे ती. मराठीत सरळ लिहा: ‘उपकार कर माझ्यावर आणि गप्प बस.’