भिंतच नाही, तर औषध पाडणार काय?

ताई, नऊ वर्षांच्या मुलाला पाच दिवस अमॉक्सिसिलिन देऊनही ताप हटला नाही, मग मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाचं निदान होऊन अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू झालं. डॉक्टर चुकले का, असं तुम्ही विचारलंय. मला तरी तसं वाटत नाही.

अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जंतूच्या पेशीभित्तीचं, म्हणजे बाहेरच्या भिंतीचं, बांधकाम अडवतात. मायकोप्लाझ्माला भिंतच नसते, नुसतं पातळ आवरण असतं. तेही मजबूत करायला लागणारं कोलेस्टेरॉल तो आपल्याकडूनच उचलतो! त्यामुळे अमॉक्सिसिलिन किंवा तसंच भिंतीवर काम करणारं सेफिक्झिम त्याच्यावर कितीही द्या, उपयोग शून्य. अ‍ॅझिथ्रोमायसिन त्याची प्रथिनं बनवण्याची यंत्रणा बंद पाडतं, म्हणून ते चालतं. पण सुरुवातीला न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या दुसऱ्या जंतूचा बंदोबस्त करणं जास्त निकडीचं असतं, कारण तो झपाट्याने बिघडवतो. अमॉक्सिसिलिन त्यासाठी होतं.

मी बरीच वर्षं लॅबमध्ये काचपट्ट्या रंगवल्या. हा पठ्ठ्या मायकोप्लाझ्मा, जंतू ओळखायला वापरतात त्या ग्रॅमच्या रंगात दिसतच नाही. कल्चर लावलं, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवायला ठेवला, तर वाढायला दोन-तीन आठवडे, तोवर पोरगं शाळेत जायला लागलेलं असतं. १९४४ साली ईटन यांनी तो शोधला तेव्हा बारीक गाळणीतूनही पार होतो म्हणून विषाणूच समजला गेला. १९६२ मध्ये शॅनॉक, हेफ्लिक आणि बराइल यांनी तो जिवंत पेशींशिवाय, कृत्रिम पोषक माध्यमावर वाढवून दाखवला, तेव्हा कुठे तो विषाणू नाही हे कळलं.

रिपोर्टमधल्या आयजीएमवर, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांच्या तपासणीवर, फार विसंबू नका. ते कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकतं, त्यामुळे पुढच्या वेळी तेच पाहून पुन्हा अ‍ॅझिथ्रोमायसिन मागू नका. या औषधाला दाद न देणारे मायकोप्लाझ्मा चीन-जपानमध्ये मोठ्या प्रमाणावर सापडलेत.

खोकला मात्र ताप गेल्यावरही तीन-चार आठवडे रेंगाळतो, त्याला घाबरू नका. नवं औषध सुरू करून दोन-तीन दिवसांनीही ताप उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवा. धाप लागली, किंवा तोंडात फोड, डोळे लाल आणि अंगावर पुरळ आलं, तर त्याच दिवशी.

आणि धाकटीकडे लक्ष ठेवा. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला दोन-तीन आठवडे जातात. तिला खोकला लागलाच तर दादाचं निदान डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.