प्रत्येक सर्दीचा धसका

मुलाला सर्दी झाली की दोन दिवसांत छातीत घरघर सुरू होते, धाप लागते, रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागतो. हे असेच आयुष्यभर चालणार का, आणि यात आमचे काही चुकते आहे का, असे लहान मुलांचे पालक मला वारंवार विचारतात. मूल प्रत्यक्ष आजारी असते तेव्हा हे पालक सहसा धीराने वागतात. त्यांची खरी ओढाताण होते ती दोन आजारपणांच्या मधल्या दिवसांत, कारण तेव्हा करण्यासारखे काही नसते आणि भीती मात्र असते. अशाच एका जोडप्याबरोबरच्या समुपदेशनाच्या कामाविषयी येथे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्यांचा मुलगा अडीच वर्षांचा होता. पाळणाघरात जाऊ लागल्यापासून त्याला सर्दीपाठोपाठ धाप लागू लागली होती, आणि एकदा तर रुग्णालयात ठेवून प्राणवायू द्यावा लागला होता. ती रात्र आईच्या मनातून जात नव्हती. मुलगा ठणठणीत असतानाही आई रात्रीतून अनेकदा उठत, मोबाइलच्या उजेडात त्याची छाती निरखत, बरगड्यांवर हात ठेवून श्वास मोजत, आणि मोजण्यात चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. सकाळी नुसती शिंक ऐकली तरी त्यांचे हातपाय गार पडत. वडील मात्र ‘सर्दी सगळ्याच मुलांना होते’ एवढे बोलून विषय संपवत, आणि त्यामुळे आईंना आपण एकट्या पडलो आहोत असे वाटे.

अशा आईला ‘काळजी करू नका’ असे सांगणे मला पटत नाही. मुलाला धाप लागते हे खरे आहे आणि त्यांनी त्या रात्री पाहिले तेही खरे आहे. म्हणून मी प्रथम दोघांना मनातल्या सगळ्या शंका कागदावर उतरवायला सांगितल्या आणि तो कागद घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे एकत्र जायला सांगितले. एकत्र जाण्याचा आग्रह मी जाणीवपूर्वक धरते. एकाने ऐकून दुसऱ्याला सांगायचे म्हटले की सांगणाऱ्याची भीती किंवा बेफिकिरी त्या माहितीत मिसळतेच.

डॉक्टरांनी त्यांना जे समजावले, त्याने अपराधीपणाचा बराच भार उतरला. या वयातील श्वासनलिका मुळातच अरुंद असतात. ऱ्हायनोव्हायरस किंवा आरएसव्हीसारख्या विषाणूमुळे त्यांना आतून सूज आली आणि कफ साठला की हवेची वाट आणखी अरुंद होते व शिट्टीसारखा आवाज येतो. लहान मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणे नेहमीचे आहे, आणि पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला सुरुवातीच्या काळात ती त्याहूनही अधिक वेळा होऊ शकते. आईंनी नोकरी सोडण्याचे जवळजवळ ठरवले होते; तो निर्णय त्यांनी पुढे ढकलला.

‘आयुष्यभर’ या प्रश्नाचे उत्तर मात्र सरळ नव्हते. अमेरिकेतील टक्सन येथे १९८० पासून काही मुलांची जन्मापासून अनेक वर्षे नोंद ठेवली गेली. त्यात, पहिल्या तीन वर्षांत घरघर झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना सहाव्या वर्षी तो त्रास उरला नव्हता. उरलेल्यांचा राहिला होता. आईवडिलांपैकी कोणाला दमा असेल, मुलाला एक्झिमा (त्वचेला खाज व पुरळ येण्याचा विकार) किंवा ॲलर्जी असेल, सर्दी नसतानाही खेळताना वा हसताना धाप लागत असेल, तर त्रास पुढे चालू राहण्याची शक्यता वाढते. फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी साधारण पाच वर्षांच्या आतील मुलांना नीट जमत नाही, त्यामुळे डॉक्टरही कधी कधी ‘दमा’ हे निदान लगेच करत नाहीत. हे ऐकून आई निराश झाल्या, कारण त्यांना हो किंवा नाही असे उत्तर हवे होते. मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. ही अनिश्चितता काही वर्षे राहणार आहे, तेव्हा तिच्यासह झोपता येईल अशी घराची घडी बसवणे हेच आपले काम आहे, असे मी म्हटले.

त्यासाठी सर्वांत उपयोगी पडली ती डॉक्टरांनी लिहून दिलेली योजना: सर्दी सुरू झाल्यावर काय करायचे, घरघर सुरू झाल्यावर श्वासातून औषध देणारा पंप (इनहेलर) किती वेळा द्यायचा, आणि कोणत्या लक्षणांवर विचार न करता निघायचे. बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी आत ओढली जाणे, नाकपुड्या फुलणे, पाणी पिण्याइतकाही दम नसणे, मूल मलूल किंवा झोपाळू होणे, ओठ निळसर दिसणे, शांत असतानाही मिनिटाला चाळीस किंवा अधिक श्वास, पंपाचा गुण चार तासही न टिकणे: यांतील एकही गोष्ट दिसली तर थांबायचे नाही. हा कागद फ्रीजवर लागला आणि त्याची प्रत पाळणाघरात गेली.

रात्रीच्या मोजणीबद्दल आम्ही ठरवले की मुलगा बरा असताना मोजायचे नाही. सर्दी असेल तर झोपण्यापूर्वी एकदा आणि गजर लावून मध्यरात्री एकदा, पूर्ण एक मिनिट मोजायचे, आकडा लिहायचा आणि झोपायचे. मध्यरात्रीची पाळी वडिलांची. पहिल्या काही रात्री आई जाग्याच राहिल्या, पण उठल्या नाहीत, आणि मला तेही मोठे वाटले.

पंप देताना लावायच्या मास्कची झटापट हा वेगळाच प्रश्न होता. वडील हात धरत, आई मास्क दाबत आणि मुलगा किंचाळत असे. रडणाऱ्या मुलाच्या फुप्फुसांपर्यंत औषध फारच कमी पोहोचते, त्यामुळे एवढे करूनही गुण येत नसे आणि भीती वाढे. मी स्पेसर, म्हणजे पंप आणि मास्क यांच्यामध्ये बसवायची नळी, खेळण्यांमध्ये ठेवायला सांगितला. मुलाने आधी अस्वलाला मास्क लावला, मग बाबांना, मग आरशात बघून स्वतःला. पंप देताना त्याला मांडीवर पाठमोरे बसवायचे, मास्क नाकातोंडावर नीट टेकवायचा, एकदा दाबून पाच-सहा श्वास मोठ्याने मोजायचे, मगच पंप हलवून दुसऱ्यांदा दाबायचा. मोजणे त्याला आवडू लागले. ‘पाच’ तो स्वतःच ओरडत असे.

आजीला पंपाची सवय लागेल अशी धास्ती होती, म्हणून ती औषध पाजा म्हणत असे. डॉक्टरांनी तिला दाखवून दिले की साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या पंपातून एका दाबाला साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध मिळते, तर नेहमीच्या सिरपच्या एका चमच्यात त्याच्या वीसपट असते, आणि ते पोटातून सगळ्या शरीरभर फिरून येते. आजीचा विरोध तिथेच संपला.

वडिलांशी मी एकदा स्वतंत्र बोलले. ते गच्चीत जाऊन सिगारेट ओढत आणि कपड्यांबरोबर धूर घरात येतो हे त्यांना ठाऊक होते. त्यांची बेफिकिरी म्हणजे शरमेवरचे पांघरूण होते. त्यांनी सोडण्यासाठी मदत घेतली. अजून पूर्ण सुटलेली नाही, पण पत्नीपासून लपवणे थांबले आहे, आणि माझ्या मते या जोडप्यातला ताण त्यानेच अधिक कमी झाला.

पुढच्या सर्दीत मुलाला पुन्हा धाप लागली. पंपाचा गुण चार तास टिकेना, तेव्हा वडिलांनीच कागद वाचून निघायचे ठरवले. मुलगा रात्रभर देखरेखीखाली राहून सकाळी घरी आला. ‘या वेळी जायचे की नाही यावर आमचा वाद झाला नाही’, असे आईंनी मला सांगितले.

रुग्णालयातली ती पहिली रात्र अजूनही अधूनमधून त्यांच्या डोळ्यांसमोर येते, आणि आम्ही त्यावर स्वतंत्रपणे काम करत आहोत. मूल बरे होऊन महिना उलटला तरी तशी दृश्ये येत असतील, झोप लागत नसेल किंवा मुलाला क्षणभरही दुसऱ्याकडे सोपवता येत नसेल, तर आईने किंवा वडिलांनी स्वतःसाठीही मदत मागावी. मुलाच्या पुढच्या तपासणीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना हे सांगितले तरी सुरुवात होते.