खांदे झाकण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची बारा रेखाटने मिळाली. हात सुबक आहे. पण बाराही चित्रांत एकच बाई उभी आहे, उतरत्या खांद्यांची, मुठीत मावेल अशा कमरेची, आणि ज्या अभिनेत्रीसाठी तू हे कपडे रेखाटलेस तिच्याशी या बाईचे दूरचेही नाते नाही. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना १९८३ साली मिळालेल्या वेशभूषेच्या ऑस्करने तुला या व्यवसायाची ओढ लावली, असे तू लिहितेस. चांगलेच आहे. मला मात्र तुला त्याच्याही अर्धशतक मागे, हॉलिवूडच्या एम.जी.एम. स्टुडिओत न्यायचे आहे, कारण ‘माझ्या अभिनेत्रीचे रुंद खांदे कपड्यात कसे झाकू?’ या तुझ्या प्रश्नाचे उत्तर वेशभूषाकार एड्रियन आणि अभिनेत्री जोन क्रॉफर्ड यांच्या कामात आहे.

एड्रियन १९२८ पासून १९४१ पर्यंत त्या स्टुडिओचे प्रमुख वेशभूषाकार होते. क्रॉफर्ड यांचे खांदे चांगलेच रुंद होते, आणि असे खांदे कपड्यात लपवावेत हाच तेव्हाचा साधा व्यवहार होता. एड्रियन यांनी उलट केले: खांद्यांत गादी भरून, बाहीला घेर देऊन ते आणखी रुंद केले, त्यामुळे त्याखालची कंबर आणि नितंब आपोआप बारीक दिसू लागले. लपवायला गेले असते तर प्रेक्षकाची नजर नेमकी तिथेच अडकली असती. १९३२ च्या ‘लेटी लिंटन’ या चित्रपटातला पांढऱ्या ऑर्गंडीचा, म्हणजे तलम पण ताठ कापडाचा, पोशाख याच हिशोबातून आला. त्याच्या बाह्यांवर मुंढ्यापासून, म्हणजे बाही जोडतात तिथपासून, झालरींचे असे थर चढवले होते की चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढरा फेस उसळल्यासारखा वाटावा. संवादाच्या प्रसंगांत कॅमेरा बहुधा कमरेच्या वरच असतो, म्हणून कपड्याने जे सांगायचे ते गळा, खांदे आणि बाही यांतच सांगून टाकायचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तू मात्र सगळी कलाकुसर घागऱ्याच्या काठावर खर्च केली आहेस. ‘लेटी लिंटन’मधल्या त्या पोशाखाच्या पाच लाख नकला एकट्या मेसीज दुकानाने विकल्या असे सांगतात. हा आकडा मी जाहिरातीच्या खाती टाकते, पण नकलांची लाट आली होती हे खरे. पुढे कथानकाच्या चोरीच्या खटल्यामुळे चित्रपटच प्रदर्शनातून गेला आणि बाह्या छायाचित्रांत तेवढ्या उरल्या.

१९३७ च्या ‘द ब्राइड वोअर रेड’मध्ये तर नावातच तांबडा रंग आणि चित्रपट कृष्णधवल! एड्रियन यांनी तो तांबडा पोशाख नळीमण्यांनी अंगभर मढवला. रंग पडद्यावर दिसणार नव्हता, पण चालताना मण्यांवरून ओघळणारा प्रकाश दिसणार होता. कापड दुकानातल्या उजेडात निवडू नकोस, असे मी वर्गात वारंवार का सांगत होते ते आता कळेल.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. उमेदवारीच्या दिवसांत एका नटीचा उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली आहे हे मला दिसले होते, तरी तिला वाईट वाटेल म्हणून मी वहीत दोन्ही बाजूंना एकच माप लिहिले आणि खालच्या खांद्यात जाड गादी दडवली. ती उभी होती तोवर सगळे ठीक होते. प्रवेशात तिने हात उंचावला, मुंढा वर ओढला गेला आणि गादी सरकून मानेपाशी आवाळूसारखी उभी राहिली. मास्तरांनी एक शब्द न बोलता शिवण उसवली आणि टेप माझ्या हातात दिली.

पुरस्काराची घाई करू नकोस. वेशभूषेचे ऑस्कर १९४८ च्या चित्रपटांपासून सुरू झाले. तोवर एड्रियन स्टुडिओ सोडून बेव्हर्ली हिल्समध्ये स्वतःचे दुकान चालवत होते, आणि त्या दुकानातल्या जाकिटांचे खांदेही रुंदच होते.

पुढच्या आठवड्यात येताना रेखाटने आणू नकोस. तुझ्या अभिनेत्रीची डावी आणि उजवी मापे वेगवेगळी घे, बसलेली असताना आणि हात वर केलेला असतानाही घे, ती कोणता खांदा पुढे काढून बोलते ते पाहून ठेव, आणि मांजरपाटात कच्च्या टाक्याने शिवलेला फक्त वरचा भाग, एक बाही लावून, माझ्याकडे घेऊन ये.