पुरात भिजलेलं माळवदाचं घर: गिलाव्याची घाई करू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मोहोळ तालुक्यात सीनाकाठी सासरचं जुनं माळवदाचं (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर असलेलं) घर, दोन दिवस कंबरभर पाणी, आता कोपऱ्यात तिरकी भेग आणि मागच्या भिंतीला आलेलं पोट, म्हणजे फुगवटा. गवंडी म्हणतोय, आठवड्यात सिमेंटचा गिलावा मारून दिवाळीआधी रंग देतो. कृपा करून त्याला थांबवा. आणि सासूबाईंना आज रात्रीपासून त्या खोलीत झोपू देऊ नका.

ऑक्टोबर २०२० मध्ये बोरी नदीचं पाणी आमच्या अक्कलकोटकडच्या घरात शिरलं होतं. पाणी होतं तोवर भिंत उभी राहिली. ऊन पडलं, सगळे म्हणाले वाचलो, आणि नवव्या दिवशी भरदुपारी मागची भिंत आत कोसळली. घरातले सगळे शेतावर होते. ती भिंत अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आपल्याकडची दोन-अडीच फुटी दगडी भिंत एकसंध नसते. बाहेरून दगडाचा एक थर, आतून दुसरा, मधे माती आणि चिपा, म्हणजे दगडाचे बारीक तुकडे. पाण्यानं ही माती फुगते, लिबलिबीत होते, मग सुकताना खाली बसते आणि दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात. पोट येतं ते असं. त्यात वरचं ओझं. दर वर्षी मृगाआधी माळवदावर पांढऱ्या मातीची नवी भर पडते, जुनी कुणी काढत नाही. दहा बाय बाराच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे कोरडी असतानाच साधारण साडेपाच टन! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं आम्ही सोलापुरात अंथरुणातून उठून रस्त्यावर आलो; तिकडे लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं अशाच भिंतींखाली आणि माळवदाखाली गाडली गेली. पूर असो की भूकंप, घराची दुबळी जागा तीच.

काहीही हलवण्याआधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ, भेगा, पडलेले दगड, सगळं. पंचनामा झाल्याशिवाय मलबा उचलू नका. पक्क्या-कच्च्या घराच्या अंशतः पडझडीला सरकारी मदत मिळायला किमान १५ टक्के नुकसान दिसावं लागतं, आणि साफसफाई झाल्यावर ते दाखवायचं कशावरून? मेन स्विच बंदच ठेवा. बोर्डात गाळ गेलेला असतो, वायरमननं तपासल्याशिवाय लाइट लावायची नाही. अडगळीत हात घालण्याआधी काठी फिरवा, पुरानंतर साप-विंचू कोरड्या कोपऱ्याला येतात.

मग टेकू. तुळईच्या खाली, जाड फळीवर, जमिनीशी पाचर मारून घट्ट. टेकू लागल्यावरच माळवदाची माती उतरवायची, तीही दोन्ही बाजूंनी सारखी, थोडी थोडी. वरच एका जागी ढीग घालू नका आणि त्या वेळी खाली कुणी उभं राहू नये. पुढे परत माती टाकाल तेव्हा सात-आठ इंच पुरे, मधे जाड प्लास्टिकचा कागद.

भेग वाढतेय का, हे कळायला तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा आणि आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवा. काच तडकली तर भिंत अजून सरकतेय. पोटाला ओळंबा (वजन बांधलेली गवंड्याची दोरी) लावून आठवड्याला माप लिहून ठेवा.

गिलाव्याचं म्हणाल तर ओल्या मातीच्या भिंतीवर सिमेंट म्हणजे आतली ओल कोंडणं. बाहेरून चकचकीत, आतून चिखल, आणि वर्षभरात लोणा (ओलीबरोबर वर येणारा क्षार) लागून पोपडे. भिंत उघडी ठेवा, वारा लागू द्या. हिवाळाभर सुकू दे, संक्रांतीनंतर चुन्याचा किंवा मातीचा गिलावा करा. दिवाळीत रंग नसला तर बिघडत नाही.

पोट मोठं असेल तर तेवढी भिंत उतरवून नव्यानं बांधावी लागेल. हे एखाद्या स्थापत्य अभियंत्याला दाखवूनच ठरवा. बांधताना प्रत्येक दोन-तीन फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड हवा. किल्लारीनंतर उभ्या भिंतींनाही असे बंध घालता येतात हे शिकवलं गेलं: साधारण मीटरभर अंतरानं हातानं दगड सैल करून आरपार भोक पाडायचं, घण अजिबात नाही, त्यात दोन्ही टोकांना आकडे असलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरायचं आणि दहा दिवस पाणी मारायचं. हे काम भिंत पूर्ण सुकल्यावरच, आणि पोट न आलेल्या भिंतींना. त्यांनाही ते लागेलच, कारण पाणी त्यांतही शिरलंय.

पुढच्या पावसाळ्यासाठी सातबारा, आधार, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी दाराजवळ. जिल्ह्याचा आपत्ती क्रमांक १०७७ आणि तातडीच्या मदतीचा ११२ भिंतीवर मोठ्या अक्षरात. वर सीना-कोळेगाव धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की आधी जनावरं सोडा, पाण्याची मोटार नंतर.

ओळंब्याचं पहिलं माप घेतलंत की मला सांगा. भेगेच्या फोटोत शेजारी फूटपट्टी धरा, नाहीतर रुंदी कळत नाही.