किनखाब, ‘कम ख्वाब’ आणि चिनी रेशीम

प्रश्न असा आहे: ‘किनखाब’ (जरीच्या नक्षीचं भारी रेशमी कापड) हा शब्द ‘कम ख्वाब’पासून आला, म्हणजे स्वप्नातही क्वचितच दिसेल असं कापड, हे खरं का? आणि चिनी नक्षीदार रेशमाला सरसकट किनखाब म्हणावं का?

स्वप्नाची व्युत्पत्ती गोड आहे, पण टिकत नाही. जुन्या फारसी-अरबीत हा शब्द ‘कमखा’ किंवा ‘किमखा’ असा येतो. 14व्या शतकात अरबी प्रवासवर्णनकार इब्न बतूता बगदाद, तब्रीझ, निशापूर आणि चीन इथे विणल्या जाणाऱ्या रेशमी कापडाला ‘कमखा’ म्हणतो. तेच नाव युरोपात ‘कामोका’ झालं. यांतल्या एकाही रूपात शेवटी ‘ब’ नाही. म्हणजे ‘ख्वाब’ मागाहून चिकटला आणि त्यामागून गोष्ट आली. (मराठीत ‘किनखाप’ही चालतं, त्यात तर ख्वाब उरतच नाही.) शब्दाचं मूळ चिनी असावं, त्यातला ‘किम’ म्हणजे सोनं, हे मत जुनं आहे आणि मला तेच पटतं, फुजियानच्या बोलीत सोन्याला ‘किम’ म्हणतात. उरलेल्या ‘खा’बद्दल मात्र एकमत नाही.

चिनी भाषेत अशा बहुरंगी नक्षीच्या विणीला ‘जिन’ म्हणतात. त्या चिन्हात सोनं आणि रेशमी वस्त्र यांची चिन्हं शेजारी बसवली आहेत. पण म्हणून प्रत्येक ‘जिन’मध्ये जर असतेच असं नाही. सुमारे 1800 वर्षांपूर्वीचा एक चिनी कोश खुलासा करतो की मेहनत फार, म्हणून किंमत सोन्याची.

किनखाब हा शब्द खरा शोभतो तो चीनमधल्या नानजिंग शहराच्या ‘युनजिन’ या जरीच्या रेशमाला. मिंग आणि छिंग राजघराण्यांच्या दरबारांत याची वस्त्रं असत. माग सुमारे 5.6 मीटर लांब आणि 4 मीटर उंच, त्यावर माणसं दोन. वरचा नक्षीच्या दोऱ्या ओढून ठरावीक ताणे (उभे धागे) उचलतो, खालचा बाणा (आडवा धागा) भरतो. कुठल्या फेरीला कोणते ताणे उचलायचे हे आधीच दोऱ्यांच्या गाठींत बांधून ठेवलेलं असतं. बनारसच्या मागावरचा ‘जाला’, म्हणजे नक्षी बांधून ठेवलेलं दोऱ्यांचं जाळं, पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. रंगीत बाणा फक्त फुलापुरता छोट्या कांड्यांनी भरतात, त्यामुळे एकाच नक्षीतली शेजारशेजारची फुलं वेगवेगळ्या रंगांची करता येतात. दिवसभरात दोघांच्या हातून पाच-सहा सेंटिमीटर कापड होतं.

जरीतही फरक आहे. आपली जर म्हणजे चांदीची चपटी तार रेशमावर गुंडाळून वर सोन्याचा मुलामा. चिनी जरीत बहुधा सोन्याचा वर्ख कागदावर चिकटवून त्याच्या बारीक पट्ट्या कापतात. त्या तशाच विणतात किंवा धाग्यावर गुंडाळतात. म्हणून जुनी चांदीची जर काळी पडते, तर चिनी पट्टीवरचा वर्ख घडीवर सुटतो आणि खालचा कागद दिसू लागतो. असं कापड घडी न घालता नळीवर गुंडाळून ठेवावं.

घोळ होतो तो ‘केसी’ या दुसऱ्या चिनी रेशमी विणीबद्दल. केसीला किनखाब म्हणणं चूकच. तिथे गाठींचा जाला नाही, दोऱ्या ओढणारा नाही. ताणा सलग, पण बाण्याचा प्रत्येक रंग आपल्या हद्दीपर्यंत जाऊन माघारी फिरतो. दोन रंगांची हद्द एकाच ताण्यावर उभी सरळ राहिली तर तिथे फट पडते. कापड उजेडासमोर धरलं की सुरीने चिरल्यासारख्या बारीक रेषा दिसतात. हे नाव ‘कोरीव रेशीम’ अशा अर्थाच्या चिन्हांनीही लिहितात. फट लांबली तर कापड तिथे कमजोर होतं, म्हणून विणकर हद्द पायऱ्यापायऱ्यांनी सरकवत नेतो.

केसीची जवळची नातलग आपल्याकडे पैठणी आहे, किनखाब नव्हे. पैठणीच्या पदरातही प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली (बाण्याची छोटी कांडी) असते. फक्त शेजारचे दोन बाणे हद्दीवर एकमेकांत अडकवतात, म्हणून फट राहत नाही. भाषांतर करताना युनजिनला ‘नानजिंगचा किनखाब’ खुशाल म्हणावं. केसीला ‘केसी’च ठेवावं आणि पहिल्या उल्लेखाला ‘पैठणीच्या पदरासारखी, पण फटी असलेली वीण’ एवढं जोडावं.