पाचवीतल्या मुलीला कोन आणि आकृतीतल्या खुणा घरी कशा समजावून सांगाव्यात?

ताई, तुमची मुलगी कोनमापकावर 60 च्या जागी 120 वाचते आणि ‘∠कखग कोणता?’ विचारलं की भलत्याच कोपऱ्यावर बोट ठेवते, असं तुम्ही लिहिलंय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवतो. या दोन्ही अडचणी दरवर्षी वर्गात येतात आणि माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे. मुलांच्या हाती कोनमापक आणि अक्षरं आधी पडतात. कोन म्हणजे फिरण्याचं माप, हे मागाहून कळतं.

म्हणून थोडे दिवस कोनमापक कंपासपेटीतच राहू द्या. तिला गावातल्या पारावर उभं करा. हात सरळ शाळेकडे धरायचा आणि जागा न सोडता तोच हात फिरवत देवळाकडे न्यायचा. हात जेवढा फिरला तेवढा कोन. शाळा लांब आहे आणि देऊळ जवळ, पण त्यानं हाताच्या फिरण्यात काही कमीजास्त होत नाही. वहीत लांब भुजांचा कोन दिसला की मुलं हमखास म्हणतात, ‘सर, हा तं लय मोठा हाय!’ त्यांना पारावरची आठवण द्यावी लागते.

आता तिथंच नाव द्या: कोन शाळा-पार-देऊळ. जिथं उभे आहोत ते नाव मधे. देऊळ-पार-शाळा म्हटलं तरी कोन तोच. मग विचारा, नुसतं ‘कोन पार’ लिहिलं तर चालेल का? पारावरून ग्रामपंचायतीकडेही रस्ता जातो, म्हणजे तिथं एकाहून जास्त कोन आहेत. तीन अक्षरं कशाला लागतात, हे बहुतेक मुलं इथं आपणहून सांगतात. वहीत शाळेला क, पाराला ख, देवळाला ग म्हणा. ∠कखग मध्ये ख हा शिरोबिंदू. पुस्तकातली इंग्रजी अक्षरं त्यानंतर जड जात नाहीत.

एक मात्र सांभाळा. ‘शाळेपासून पारापर्यंत चालत ये आणि देवळाकडे वळ’ असं करून घेऊ नका. चालत आलेलं मूल पारावर जेवढं वळतं तो बाहेरचा कोन असतो. दोन रस्त्यांमधला कोन 60 अंशांचा असेल तर तिला 120 अंश वळावं लागेल, आणि तुमच्या मुलीचा नेमका याच दोन आकड्यांत घोळ आहे.

काटकोन कागदातून काढा. कसाही फाटलेला कागद एकदा दुमडा, मग घडीची कड घडीवरच येईल असा पुन्हा दुमडा. तो कोपरा 90 अंशांचा. तो घेऊन घरभर फिरू द्या: खिडकी, पाटी, खाटेचा कोपरा. जवळपास घराचा पाया आखणं चालू असेल तर अवश्य दाखवा. गवंडी एका दोरीवर 3 फुटांवर आणि दुसरीवर 4 फुटांवर खूण करून तिरपं अंतर 5 फूट भरतं का ते बघतो. भरलं की कोपरा काटकोनात. आकृतीत कोपऱ्यावर काढलेला छोटा चौकोन हेच सांगतो.

कोनमापक काढलं की मोजण्याआधी अंदाज: कागदी कोपऱ्यापेक्षा लहान की मोठा? लहान असेल तर 120 येऊच शकत नाही. भुजा ज्या शून्यावर टेकली आहे, त्याच ओळीतले आकडे वाचायचे. प्लॅस्टिकच्या कोनमापकाची शून्याची रेघ पुष्कळदा खालच्या कडेवर नसून थोडी वर असते, तेही दाखवा. भुजा आखूड असतील तर पट्टीनं वाढवायच्या.

बाकीच्या खुणांसाठी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे पुरतात. ही जोडणी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात रुजवली. चार सारख्या काड्यांचा चौरस करून एका कोपऱ्यावर दाबा, तो कलतो. बाजू त्याच राहिल्या, कोन बदलले. आता दोन्ही आकार वहीत काढू द्या. दोन्हींच्या चारही बाजूंवर एकेक आडवी रेघ, म्हणजे बाजू समान. कोपऱ्यात छोटा चौकोन मात्र पहिल्यालाच. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबला तर हलत नाही, हे तिला फार आवडेल.

समांतर रेषांवरचे बाण एवढ्यात नाही आले तरी चालेल.

शेवटी तिला एक आकृती द्या: हुबेहूब काटकोनासारखा दिसणारा कोन, पण कोपऱ्यात खूण नाही आणि मापही लिहिलेलं नाही. मोजायला सांगितलं असेल तर तिनं मोजावं. मोजायचं नाही आणि ‘हा काटकोन आहे का?’ एवढंच विचारलं, तर ‘दिलेलं नाही, म्हणून सांगता येत नाही’ या उत्तराला पूर्ण गुण द्या.