अमेरिकन संगीतासाठी आयुष्य वाहिलेला एखादा संगीतकार-कंडक्टर सांगाल का? (बर्नस्टाईन सोडून.) आणि ऐकायला सुरुवात कुठून करू?

बर्नस्टाईनला, म्हणजे या प्रकारातल्या सगळ्यात गाजलेल्या नावाला, तुम्हीच बाजूला काढलंत, बरं केलंत. नाहीतर सगळी उत्तरं तिथेच अडकली असती. मी हॉवर्ड हॅन्सनचं नाव घेईन: रचना करणाराही आणि ऑर्केस्ट्रासमोर उभं राहून वादकांना चालवणारा कंडक्टरही.

माझी त्याच्याशी ओळख झाली ती एका परग्रहावरच्या राक्षसामुळे. 'एलियन' (१९७९) बघताना दोन तास जीव मुठीत धरून बसलो होतो. शेवटी नावं वर सरकायला लागली आणि तंतुवाद्यांची अशी काही ऊबदार सुरावट सुरू झाली की टीव्ही बंद करायला उठलेला मी परत बसलो. सिनेमाचा संगीतकार जेरी गोल्डस्मिथ, पण हा तुकडा त्याचा नव्हे. ती हॅन्सनची दुसरी सिंफनी (म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली अनेक भागांची मोठी रचना), 'रोमँटिक'. हॅन्सन तेव्हा हयात होता आणि त्याची परवानगीसुद्धा कुणी घेतली नव्हती. तो कोर्टात मात्र गेला नाही.

जन्म १८९६ चा, नेब्रास्कातल्या वाहू नावाच्या छोट्या गावात. आईवडील स्वीडिश. १९२१ मध्ये त्याला रोम पारितोषिक (रोमला राहून काम करण्याची शिष्यवृत्ती) मिळालं आणि पुढची तीन वर्षं तो रोममध्ये राहिला. पहिली सिंफनी, 'नॉर्डिक', तिथलीच. मग जॉर्ज ईस्टमन त्याच्या आयुष्यात आला. आपल्या घरच्या जुन्या अल्बममधले फोटो ज्या पिवळ्या डबीतल्या रोलवर काढलेले असायचे, त्या कोडॅकचा हा मालक. त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला पदरच्या पैशाने संगीतशाळा काढली होती. १९२४ मध्ये तिचा संचालक म्हणून हॅन्सनला नेमलं, तेव्हा त्याला अठ्ठावीसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. तो तिथे थेट १९६४ पर्यंत राहिला.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतली हिंदी गाणी आठवतात, पण इथे सत्तर-ऐंशी वादकांचा ताफा डोळ्यांसमोर आणा. आपल्या गवयाला नवी बंदिश सुचली तर तो त्याच संध्याकाळी तानपुरा लावून ती गाऊन बघतो. सिंफनी लिहिणाऱ्याचं तसं नाही. बासरीची ओळ ट्रॉम्बोनखाली गाडली जाते का, हे कागदावर कितीही बघितलं तरी खात्रीने कळत नाही, ते वाजवूनच बघावं लागतं. आणि त्या काळी अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांचे कंडक्टर बहुतेक युरोपातून आलेले, कार्यक्रम बेटोव्हन-ब्राम्सचे. घरच्या तरुणाचं नवं काम वाजवणार कोण?

हॅन्सनने हीच अडचण धरली. १ मे १९२५ ला त्याने रॉचेस्टरमध्ये अमेरिकन संगीतकारांच्या नव्या रचनांची मैफल भरवली. त्यात चोवीस वर्षांच्या एरन कोपलंडचं एक काम होतं. पुढे हाच कोपलंड अमेरिकेतला बडा संगीतकार झाला. या मैफली मग चालूच राहिल्या. १९३१ पासून वार्षिक महोत्सवही सुरू झाला, तो १९७१ पर्यंत चालला.

एकच प्रसंग निवडायचा तर मी १९३१ चा निवडेन. विल्यम ग्रँट स्टिल या कृष्णवर्णीय संगीतकाराची 'आफ्रो-अमेरिकन सिंफनी' हॅन्सनने रॉचेस्टर फिलहार्मोनिककडून वाजवून घेतली. कृष्णवर्णीय अमेरिकन माणसाने लिहिलेली अख्खी सिंफनी एखाद्या नामांकित ऑर्केस्ट्राने वाजवण्याची ही पहिलीच वेळ. पहिल्या भागाची मुख्य चाल सरळ ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकगाण्यांच्या, घाटाची आहे आणि तिसऱ्या भागात चक्क बँजो हे लोकसंगीतातलं तंतुवाद्य वाजतं. सिंफनीत बँजो म्हणजे त्या काळच्या सोवळ्यात केवढी शिवाशिव, कल्पना करा.

त्याचं स्वतःचं लेखन? ते चालूच होतं. 'रोमँटिक' बॉस्टन सिंफनी या ऑर्केस्ट्राच्या पन्नाशीसाठी लिहिली, पहिला प्रयोग नोव्हेंबर १९३० मध्ये तिथला कंडक्टर कुसेवित्स्कीच्या हाताखाली. त्याच निमित्ताने स्ट्राविन्स्की या दिग्गज रशियन संगीतकाराने 'सिंफनी ऑफ साम्स' लिहिली, म्हणजे शेजार काय तोलाचा होता बघा. 'मेरी माउंट' हा ऑपेरा १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात झाला तेव्हा टाळ्यांमुळे कलाकारांना पन्नास वेळा पडद्याबाहेर यावं लागलं असं सांगतात. आज तो क्वचितच कुठे होतो. वडिलांच्या स्मरणार्थ लिहिलेल्या चौथ्या सिंफनीला १९४४ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

सगळं गोडच सांगत नाही. हॅन्सनचा जीव रमायचा तो भरघोस, गाण्यासारख्या चालींत. बारा स्वरांच्या गणितातून संगीत रचणाऱ्यांशी त्याचं जमलं नाही, आणि नव्या पिढीने त्यालाच जुनाट ठरवलं. मला त्याची पुढची कामं एकसुरी वाटतात, हेही सांगून टाकतो. पण बॅटन (कंडक्टरची छडी) हातात घेतल्यावर तो स्वतःच्या आवडीबाहेरचंही वाजवायचा. मर्क्युरी कंपनीसाठी त्याने केलेल्या ध्वनिमुद्रणांत चार्ल्स आइव्ह्ज आहे, रॉजर सेशन्सही आहे, आणि हे दोघे अमेरिकन संगीतकार त्याच्या जातकुळीतले मुळीच नव्हेत.

ऐकायला सुरुवात 'रोमँटिक'च्या पहिल्या भागापासून करा, हॅन्सनने स्वतः चालवलेलं मर्क्युरीचं ध्वनिमुद्रण शोधा. मग लगेच आइव्ह्जचं 'थ्री प्लेसेस इन न्यू इंग्लंड', तेही हॅन्सनच्याच हाताखालचं. त्याच्या दुसऱ्या भागात दोन बँड एकमेकांवर आदळल्यासारखं ऐकू येईल. घाबरू नका, स्पीकर ठीक आहेत.